विमानानं पाऊस पळवला का?

अंबड तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचा प्रश्न आहे: आभाळ भरून येतं, वरून विमान जातं, मागे पांढरी रेघ राहते आणि तासाभरात ढग पांगतात. गावात सगळे म्हणतात, विमानानं पाऊस पळवला. कुणी म्हणतं, वरून औषध फवारतात. मुलगा म्हणतो, विमानांमुळे जगाचं तापमान वाढतंय तेवढं खरं, बाकी सगळं खोटं. यातलं नेमकं काय धरायचं? आणि त्या रेघेवरून पावसाचा काही अंदाज बांधता येतो का?

मुलाचं बरंचसं बरोबर आहे. पण तुम्ही जे पाहिलंय तेही खोटं नाही, फक्त त्याचा अर्थ लावताना गफलत होते. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं विमानतळांवरच्या हवामान कार्यालयांत गेली. दर अर्ध्या तासाला वारा, दृश्यमानता, ढगांची उंची नोंदवायची आणि निघणाऱ्या वैमानिकाला वाटेत कुठे काय उभं आहे ते सांगायचं, हे आमचं काम. सुट्टीत परभणीकडे गावी आलो की पारावर हाच प्रश्न ठरलेला असायचा, त्यामुळे त्याला सगळ्या बाजूंनी तोंड देऊन झालंय.

आधी ते विमान कोणतं ते पाहू. जालना आणि संभाजीनगरवरून मुंबई-नागपूर-कोलकाता या दिशेची विमानं जातात. धाराशिवच्या आसपासून मुंबई-हैदराबाद आणि नांदेडच्या बाजूनं दिल्ली-बेंगळुरू. यातली बहुतेक आपल्याकडे उतरत नाहीत. ती 10 ते 12 किलोमीटर उंचीवरून, ताशी 800 किलोमीटरच्या पुढच्या वेगानं निघून जातात. एक तालुका ओलांडायला त्यांना तीनेक मिनिटं लागतात. मध्यम आकाराचं प्रवासी विमान तासाला साधारण अडीच टन इंधन जाळतं, म्हणजे तुमच्या तालुक्यावर सव्वाशे किलोच्या आसपास. एक किलो इंधन जळलं की सव्वा किलोच्या जवळपास पाण्याची वाफ आणि 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हिशेब केला तर एका विमानानं तुमच्या तालुक्यावर सोडलेलं पाणी दीडशे-पावणेदोनशे लिटर निघतं.

आता दुसरी बाजू मांडा. एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते 10 लाख लिटर पाणी असतं. हजार चौरस किलोमीटरच्या तालुक्यावर 10 मिलिमीटरची साधी सर आली तर हजार कोटी लिटर. एवढं पाणी धरणारी हवा शेकडो किलोमीटर रुंद असते. वरून तीन मिनिटांत जाणाऱ्या यंत्रानं ती हलत नाही, आटत नाही आणि शेजारच्या जिल्ह्यात ढकललीही जात नाही.

उलट विमानच ढगाला भिऊन असतं. पावसाळ्यात, त्यातही मृगाच्या आणि परतीच्या पावसात, आपल्याकडे उभे राहणारे गडगडाटी ढग 14-15 किलोमीटरपर्यंत चढतात, म्हणजे विमानाच्या डोक्यावरून जातात. वैमानिकांच्या भाषेत त्याला ‘सीबी’ म्हणतात. रडारवर सीबी दिसला की वैमानिक नियंत्रण कक्षाकडे वाट वाकडी करायची परवानगी मागतो आणि शक्य तिथे तीस-पस्तीस किलोमीटरचं अंतर राखून वळसा घालतो. पोटात गारा, वीज आणि वर-खाली धावणारा वारा असतो; त्यात कोण शिरेल?

तुमच्या गावकऱ्यांची गफलत इथेच होते. आभाळ पूर्ण भरलेलं असतं तेव्हाही वरून विमानं जातच असतात, पण ती दिसत नाहीत. ढग फाटले, निळं आभाळ दिसू लागलं, की मग विमानही दिसतं आणि रेघही. शिवाय वैमानिक ढग टाळून मोकळ्या पट्ट्यातून वाट काढतो, म्हणजे जिथे उघडीप होणार तिथेच विमान दिसण्याची शक्यता जास्त. उघडीप आणि विमान एकत्र दिसतात ते असे. ज्या दिवशी झड लागली त्या दिवशी वरून किती विमानं गेली, हे कुणी मोजलेलं नसतं.

मग ढग का पांगतात? आपल्या भागात त्याला कारणांची कमी नाही. अरबी समुद्रावरून आलेली हवा सह्याद्रीवर चढते आणि आपलं बहुतेक पाणी तिथेच टाकते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि आपल्याकडे पावसाळाभरात सातशेच्या आतबाहेर. घाट उतरताना हवा तापते, कोरडी होते. पश्चिमेकडून येणारे ढग आपल्यापर्यंत पोचतात ते बरेचदा असे अर्धे रिकामे होऊन. आपला भरवशाचा पाऊस बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाचं क्षेत्र विदर्भ-तेलंगणाच्या बाजूनं सरकतं तेव्हा पडतो. ते क्षेत्र वर उत्तरेकडे निघून गेलं की आपल्याकडे खंड पडतो. खंडाच्या दिवसांत तीन ते पाच किलोमीटर उंचीवर कोरडी हवा घुसते. खालून चढणारा ढग तिच्यात शिरला की कडांपासून विरायला लागतो. आणि दुपारच्या उन्हावर उभा राहिलेला ढग ऊन कललं की बसतोच, कारण त्याला वर ढकलणारी जमिनीची उष्णताच संपते. आभाळ भरून येऊन काहीच न पडणं हा पर्जन्यछायेतला नेहमीचा अनुभव आहे.

तरीही पटत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बहात्तरचं विचारा. 1972 साली मराठवाड्यावरून जाणारी विमानं आजच्या मानानं फारच थोडी होती; लोकांनी सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले ते पाऊस नव्हता म्हणून. अलीकडचे आकडेही पाहा. 2015 मध्ये मराठवाड्यात पावसाळ्याच्या पावसाची तूट 40 टक्क्यांच्या घरात होती. ते जोरदार एल निनोचं वर्ष होतं, आणि त्यापाठोपाठ एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 2019 मध्ये विमानं त्याहून जास्त उडत होती आणि देशाचा पाऊस सरासरीच्या 110 टक्के झाला. 2020 मध्ये टाळेबंदीमुळे 25 मार्चपासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानं बंद होती, नंतरही ती रडतखडत सुरू झाली, आणि देशाचा पाऊस 109 टक्के झाला. विमानं भरपूर तरी 110, कमी तरी 109. यातून विमानाचा आणि पावसाच्या प्रमाणाचा संबंध काढून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

फवारणीच्या गोष्टीला मात्र एक खरा धागा आहे. 2015 मध्ये राज्य सरकारनं संभाजीनगरहून (तेव्हाचं औरंगाबाद) कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, 2019 मध्ये पुन्हा केला. चिकलठाण्याहून उडणारी ती छोटी दोन इंजिनांची विमानं खरोखर ढगाजवळ जात होती आणि पंखाला लावलेल्या नळकांड्या पेटवून क्षारांचे बारीक कण सोडत होती. लोकांनी ते पाहिलं, पेपरात वाचलं, आणि मग वरून जाणारं प्रत्येक विमान काहीतरी सोडतं असा समज बसला. पण त्या विमानांचं काम वेगळं होतं. ती ढगाच्या तळाशी किंवा कडेला जातात. पाण्याचा ढग असेल तर मिठासारखे ओल धरणारे कण, पाणी गोठतं त्या उंचीच्याही वर चढलेला ढग असेल तर सिल्व्हर आयोडाइड. हेतू एवढाच की आधीच असलेल्या ढगातले बारीक थेंब लवकर मोठे व्हावेत. ढग नसेल तर तो तयार करता येत नाही, आणि दुष्काळात नेमका ढगच नसतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत सोलापूर भागात नीट तुलना करून प्रयोग केला. बीजारोपण केलेले, म्हणजे असे कण सोडलेले, आणि न केलेले ढग समोरासमोर ठेवले. वाऱ्याच्या दिशेच्या सुमारे शंभर चौरस किलोमीटरमध्ये पाऊस सरासरी 18 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. योग्य ढग सापडला तरच. याउलट सरकारी मोहिमांनंतर ‘अमुक मंडळात इतका पाऊस पाडला’ म्हणून जे आकडे छापून येतात ते मी कधीच मनावर घेत नाही, कारण विमान गेलं नसतं तर किती पडला असता हे त्यात कुठेच नसतं.

वरून जाणाऱ्या प्रवासी विमानानं 11 किलोमीटरवरून काही फवारलंच, तर ते पडेल तरी कुठे? पावसाळ्यात त्या उंचीवर पूर्वेकडून जोरदार वारा वाहतो. बारीक कण खाली यायला कितीतरी दिवस लागतात आणि तोवर ते अरबी समुद्र गाठतात. शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पाठीवरच्या पंपानं फवारताना साध्या झुळकीनं औषध शेजारच्या वावरात जातं.

विमान खरोखर ढगाला भोक पाडतं असा एक प्रकार मात्र आहे, आणि तो सांगितला नाही तर उत्तर अर्धवट राहील. सहा-सात किलोमीटर उंचीवर कधीकधी मेंढ्यांच्या कळपासारख्या पांढऱ्या ढगांचा पातळ थर असतो. त्यातलं पाणी उणे 15-20 अंशांपर्यंत थंड होऊनही गोठलेलं नसतं. चढणारं किंवा उतरणारं विमान त्यातून गेलं की पंखांवरून आणि पंख्याच्या पात्यांवरून जाताना हवा एकदम प्रसरण पावते, आणखी थंड होते आणि तिथले थेंब गोठतात. मग ते बर्फाचे कण आजूबाजूच्या थेंबांची वाफ ओढून मोठे होतात, खाली पडू लागतात, आणि ढगात किलोमीटरभर किंवा त्याहूनही मोठं गोल भोक किंवा लांब चर पडते. 2010-11 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाची चित्रं आणि विमानातल्या नोंदी जुळवून हे नीट दाखवलं. तेव्हा विमानानं ढग फोडला, हे वाक्य अगदीच हवेतलं नाही. पण हा ढग पेरणीचा पाऊस देणारा नसतो. तो पातळ असतो, त्यातून पडलेलं बरंचसं वाटेतच सुकतं, आणि परिणाम मोठ्या विमानतळांच्या आसपास, चढ-उताराच्या वाटेवर जास्त दिसतो. खालच्या काळ्या ढगाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

आता ती पांढरी रेघ. इंजिनातून निघालेली गरम वाफ बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत काजळीच्या कणांवर गोठते, तेच ते. धूर नाही आणि औषधही नाही. यासाठी हवा साधारण उणे 40 अंशांच्या खाली लागते. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ, त्यामुळे आपल्या डोक्यावर तेवढी थंडी जास्त उंचीवर सापडते. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशच साडेपाच किलोमीटरच्या आसपास असतो. 33,000 फुटांवर तापमान उणे तिशीत, आणि 40,000 फुटांच्या जवळ गेल्यावर ते उणे 50 च्या आसपास येतं. म्हणून एकाच वाटेवरचं एक विमान रेघ ओढतं आणि दुसरं ओढत नाही. लोक म्हणतात, ‘त्या विमानात औषध होतं, ह्यात नव्हतं.’ फरक हवेतल्या उंचीचा आणि ओलाव्याचा असतो.

रेघ टिकते का, हे हवेवर ठरतं. वरची हवा कोरडी असेल तर ती विमानाच्या मागे बोटभर दिसते आणि विरते. हवा इतकी ओलीगच्च असेल की बर्फाचे कण तिच्यात विरत नाहीत, तर रेघ राहते, पसरते, तासाभरात पिंजलेल्या ढगासारखी होते आणि मग तिला विमानाची रेघ म्हणून ओळखताही येत नाही. तुमच्या मुलाच्या बोलण्यातला महत्त्वाचा भाग इथून सुरू होतो. हा पातळ ढग दिवसा थोडं ऊन परत पाठवतो, पण जमिनीतून वर निघणारी उष्णता दिवस-रात्र अडवतो. रात्री तर ऊन नसतंच, नुसती अडवणूक. एकूण जमा-खर्च तापमानवाढीच्या बाजूला जातो. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत तीन दिवस विमानं थांबली, तेव्हा दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक एक अंशाहून जास्त वाढला असं एका अभ्यासात निघालं. पुढे इतरांनी तपासलं आणि सांगितलं की ते दिवस मुळातच निरभ्र होते, सगळं श्रेय रेघांना देता येणार नाही. मला दुसरं मत जास्त पटतं. तीन दिवसांच्या हवेवरून एवढा मोठा निष्कर्ष काढू नये.

दूरचा हिशेब मात्र भक्कम आहे. माणसाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. पण विमान नायट्रोजनची ऑक्साइडं सोडतं, रेघा ओढतं, हे सगळं धरलं तर तापमानवाढीतला त्याचा वाटा साडेतीन-चार टक्क्यांवर जातो, आणि त्यात रेघांतून झालेल्या ढगांचा भाग सर्वांत मोठा. पृथ्वी सव्वा अंशाच्या आसपास तापली असं धरा. त्यात विमानांचा वाटा एका अंशाच्या शंभर भागांतले चार-पाच भाग. ऐकायला किरकोळ. पण रेघ तासांत विरते आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो, आणि तो कुठे सोडला याला अर्थ नसतो. लंडनवर सोडलेला अंबडवर सोडल्यासारखाच.

तेव्हा तुमच्या डोक्यावरच्या त्या एका विमानाला दोष देऊन उपयोग नाही, जगातली सगळी मिळून मात्र थोडी जबाबदार आहेत. हवा एक अंश तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरू शकते. मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या प्रदेशावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीनं वाढल्याचं पुण्याच्या त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय. ऑगस्ट 2023 देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यातली सोयाबीनची वावरं पाण्याखाली गेली. यातला कुठला एक दिवस विमानामुळे, असं म्हणता येत नाही, आणि कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

यातली मला चीड आणणारी गोष्ट दुसरीच आहे. 2018 च्या एका हिशेबानुसार त्या वर्षी जगातल्या फक्त 11 टक्के लोकांनी विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या कार्बनला एक टक्का लोक कारणीभूत होते. संभाजीनगर-दिल्ली एकदा गेलं की माणशी शंभर किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. ज्याच्या वावरात दुबार पेरणी होते त्यानं बहुधा विमानात पायही ठेवलेला नसतो.

उपाय चालू आहेत. त्यातला रेघा टाळण्याचा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जपानच्या हवाई हद्दीतल्या एका अभ्यासात सुमारे 2 टक्के उड्डाणंच रेघांच्या 80 टक्के तापमानवाढीला जबाबदार निघाली. ओल्या थराच्या थोडं वर किंवा खाली, दोनेक हजार फुटांच्या फरकानं, विमान नेलं तरी रेघ पडत नाही. 2023 मध्ये अमेरिकेत 70 उड्डाणांवर हे करून पाहिलं, रेघा निम्म्याहून कमी झाल्या. इंधन थोडं जास्त लागलं. दुसरा उपाय हिरव्या इंधनाचा, म्हणजे खनिज तेलाऐवजी पिकांपासून किंवा टाकाऊ मालापासून केलेल्या विमान-इंधनाचा. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027 पासून एक टक्का आणि 2030 पर्यंत पाच टक्के मिश्रण, असं आपल्या सरकारनं जाहीर केलंय, आणि त्यासाठी उसाच्या इथेनॉलकडे डोळे लागलेत. इथे मी मराठवाड्याचा माणूस म्हणून बोलतो: उसाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाणी लागतं, आपला पाऊस सातशे. रेल्वेनं पाणी प्यायलेल्या जिल्ह्यात विमानासाठी ऊस लावणार असाल तर त्या इंधनाला हिरवं म्हणू नका. मळी, पाचट, वापरलेलं तेल यांतून करा, माझी हरकत नाही.

शेवटचा प्रश्न, रेघेवरून अंदाज. दिवाळीनंतर ते फाल्गुनापर्यंत थोडाफार बांधता येतो. एरवी रेघा विरत असताना एखाद्या दिवशी त्या टिकू लागल्या, पसरू लागल्या, तर वरच्या थरात ओलावा शिरलाय असं समजा; उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभाची, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतात येणाऱ्या ढगाळ हवेची, चाहूल असू शकते, एक-दोन दिवसांत ढगाळ होईल. काढणी केलेला हरभरा उघड्यावर असेल तर अंदाज तपासा. पावसाळ्यात त्या रेघेचा काही उपयोग नाही, कारण आपला पाऊस खालच्या तीन-चार किलोमीटरमधल्या ओलाव्यावर ठरतो. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा हवामान सल्ला वाचा. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी मोबाइलवर ‘दामिनी’ हे अ‍ॅप ठेवा. ते जास्त कामाचं. या अंदाजांमागे जगभरच्या प्रवासी विमानांनी चढता-उतरता मोजलेलं तापमान आणि वाराही असतो. मार्च 2020 मध्ये उड्डाणं थांबली तेव्हा युरोपातल्या अंदाज केंद्राकडे युरोपवरून येणाऱ्या या नोंदी तीन आठवड्यांत निम्म्याहून कमी झाल्या, आणि आमच्या क्षेत्रात काही महिने काळजी होती ती त्याची.